बाटलीचं यंत्र की बादलीचं? दहा-पंधरा दुभत्या शेळ्यांसाठी

हाताने धार काढायची की यंत्राने, हा प्रश्न तुम्ही मागे टाकलाय असं धरून लिहितो. तुमच्याकडे उस्मानाबादी असतील तर मात्र पुढे वाचलं नाही तरी चालेल. ती शेळी जुळ्या करडांसाठी आणि मटणासाठी. करडं पिऊन उरेल तेवढ्या दुधासाठी यंत्र घेतलं तर धुण्याचं काम तेवढं वाढतं. दावणीला संगमनेरी असतील, सानेनचा संकर किंवा बीटल असेल आणि दूध विकायचं असेल, तर हा विचार करण्यात अर्थ आहे.

हात आखडता ठेवायचा म्हटलं की दोनच वाटा उरतात. एक म्हणजे चार्जिंगवर चालणारं छोटं यंत्र. दोन कप, बारीक नळ्या, दोन-तीन लिटरची बाटली आणि झाकणाला जोडलेला मुठीएवढा पंप. दुसरी म्हणजे गाईवाल्यांकडे असते तीच ट्रॉली: मोटर, हवा ओढणारा व्हॅक्यूम पंप, ठोक्याठोक्याने ओढ चालू-बंद करणारा पल्सेटर, स्टीलची बादली, फक्त कप शेळीचे. किमतीत चार-पाच पटींचा फरक सहज पडतो, त्यामुळे हात आधी बाटलीकडेच जातो. माझाही गेला. ते यंत्र अजून घरात आहे आणि अधूनमधून वापरतोही, म्हणून त्याला नावंच ठेवणार नाही.

त्याचे गुण खरे आहेत. लाइट गेली तरी काम अडत नाही. आवाज किरकोळ, त्यामुळे पहिल्या वेताची शेळीसुद्धा फारशी बुजत नाही. उचलायचं आणि गोठ्याच्या कुठल्याही कोपऱ्यात न्यायचं. शिवाय शेळीची कासही त्याच्या मदतीला असते. गाईचं बरंचसं दूध कासेत वर अडकलेलं असतं आणि पान्हा सोडल्याशिवाय खाली येत नाही. शेळीचं मात्र तीन चतुर्थांशाच्या आसपास दूध धारेआधीच सडांच्या वरच्या पोकळीत उतरलेलं असतं. त्यामुळे कमी ताकदीचा पंपही सुरुवातीला झपाट्याने ओढतो. विक्रेता पहिल्या मिनिटाचंच प्रात्यक्षिक दाखवतो ते यामुळेच, आणि बघणाऱ्याला वाटतं, झालं की काम!

माझा निकाल लावला तो एका कटकटीने. दूध पंपात जातं.

शेळीच्या दुधाला फेस येतो. पंपाची नळी आणि दुधाची नळी एकाच झाकणातून जाते. बाटली निम्म्याच्या वर गेली की फेस चढतो. शेळीने एक लाथ मारली, बाटली कलंडली, की थेंब-दोन थेंब वर ओढले गेलेच. कप धुता येतात, नळ्यांतून ब्रश फिरवता येतो, बाटली उकळत्या पाण्याने विसळता येते. पंपाचं काय करणार? तो ना उघडता येतो, ना पाण्यात बुडवता येतो. चैत्र-वैशाखात सकाळचं ते थेंबभर दूध संध्याकाळपर्यंत आंबतं. त्यात या यंत्रांना वेगळा पल्सेटर नसतो. पंपच ओढतो, सोडतो, पुन्हा ओढतो, आणि सोडताना हवा त्याच नळीतून उलटी बाटलीत येते. म्हणजे पंपातला आंबूस वास ताज्या दुधावर.

गाईच्या दुधात हे कदाचित खपून गेलं असतं. शेळीच्या दुधाचं गिऱ्हाईक आधीच नाक मुरडून उभं असतं. डेंग्यूची साथ आली की हेच लोक पहाटे दारात येतात, डॉक्टर काही म्हणोत. पण साथ ओसरली की "वास येतो हो" म्हणून बंद. त्यासाठी बोकड लांब बांधायचा, कास पुसून कोरडी करायची, दूध लगेच थंड करायचं, आणि शेवटी पंपाने सगळ्यावर पाणी फिरवायचं. मला ते सोसेना. काही यंत्रांत पंपाच्या आधी दूध अडवणारी छोटी डबी असते. तसं मिळालं तर माझी निम्मी तक्रार मी मागे घेईन.

बादलीच्या यंत्रात हा घोळ मुळातच कमी. पल्सेटरची हवा लायनर (कपातली रबरी नळी, जिच्यात सड बसतो) आणि बाहेरचं कवच यांच्या मधल्या फटीत खेळते, दुधाला शिवत नाही. बादली गळ्यापर्यंत भरून दूध वर गेलंच, तर ते पंपाआधी व्हॅक्यूमच्या टाकीत पडतं. टाकीला खाली तोटी असते, सोडून धुऊन घेतली की झालं. दुसरा फायदा सडांचा. लायनर मिटतो-उघडतो तेव्हा सडाला मालिश होतं, सतत ओढ बसत नाही. मोजमाप मी केलेलं नाही, पण ट्रॉली आल्यापासून धारेनंतर सड तसे लालबुंद दिसत नाहीत, आणि शेळ्या फळीवर पाय आपटत नाहीत.

मात्र ट्रॉली घरी आली की ती गाईच्या सेटिंगवर असते, आणि तशीच वापरली तर बाटलीचं यंत्र परवडलं म्हणायची वेळ येईल. शेळीला व्हॅक्यूम ३६ ते ४० किलोपास्कल पुरतो. व्हॅक्यूम दाखवणाऱ्या घड्याळावर पाऱ्याचे मिलिमीटर असतील तर साधारण २७० ते ३००. गाईला तो ५० किलोपास्कलपर्यंत ठेवलेला असतो. ठोके उलट वाढवायचे: गाईला मिनिटाला ६० च्या आसपास, शेळीला ७० ते ९०. पल्सेटरचा स्क्रू फिरवून हे जमतं, विक्रेत्याकडून समोर करून घ्या.

चार कपांच्या जुडग्यातले दोन बूच मारून देतो म्हणणाराही भेटेल. नको म्हणा. गाईचा लायनर शेळीच्या सडाला ढिला होतो, मधूनच फुस्स करून हवा घेतो, आणि त्या झटक्यासरशी दुधाचे थेंब उलटे सडाच्या तोंडावर आपटतात. दगडीला, म्हणजे कासेच्या सुजेला, आमंत्रण द्यायचं असेल तर याहून सोपा मार्ग नाही.

जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर लावून यंत्र बनवायचा नादही अनेकांना लागतो. चालतं ते, पण हवा ओढायचा वेग कमी, त्यामुळे कप निसटला की व्हॅक्यूम परत भरेपर्यंत वाट बघत बसा. दुधाची वाफ आत गेली की तो फार काळ टिकत नाही.

ट्रॉलीची दुखणीही सांगतो. आवाज मोठा. तेलाचा पंप असेल तर धुराड्यातून तेलकट धूर येतो, आणि शेळीच्या दुधाजवळ कसलाही वास नको. मी मोटर-पंप भिंतीपलीकडे ठेवून आत फक्त पाइप घेतला. तेव्हापासून शेळ्याही शांत आणि मीही. लाइटचा प्रश्न उरतोच. पाऊण-एक एचपीची मोटर सुरू होताना घरच्या इन्व्हर्टरला झेपत नाही. त्या वेळेला बाटलीचं यंत्र किंवा हात.

धुणं दोन्हीकडे सारखंच: आधी कोमट पाणी, मग गरम पाण्यात धुण्याची पावडर, आणि आठवड्यातून एकदा आम्लाचं द्रावण. आमच्यासारखं बोअरचं जड पाणी असेल तर हे शेवटचं टाळू नका, पांढरा थर बसला की घासूनही निघत नाही. पहिल्याच फटक्यात कढत पाणी ओतलं तर दूध चिकटून बसतं.

चार-पाच शेळ्या असतील आणि दूध घरातच लागत असेल, तर बाटलीचं घ्या, निम्म्यावर आली की रिकामी करा, फार वाईट वाटणार नाही. दहाच्या पुढे गेलात आणि रतिबाची गिऱ्हाइकं असतील, तर माझ्या मते थोडं थांबून का होईना, ट्रॉलीच. नवी परवडत नसेल तर गाईवाल्याची जुनी बघा. आत जाणाऱ्या सगळ्या तोट्या बंद करून पंप चालवा, काटा वर गेला की मोटर बंद करा. काटा सावकाश उतरला तर सांधे ठीक आहेत, धाडकन पडला तर कुठेतरी गळतंय, आणि ते शोधेपर्यंत पैसे देऊ नका. शेळीचे कप आणि लायनरचे दोन जादा जोड आधी मागवून ठेवा. तालुक्याच्या दुकानात सहसा गाईचेच मिळतात.