टवके उडालेल्या गाडीचे रंगकाम: कोंढव्यातील एका कार्यशाळेचा अनुभव

माझी २०१८ सालची चंदेरी स्विफ्ट गेली काही वर्षे जवळजवळ दर आठवड्याला पुण्याहून कराडला जाते आणि परत येते. या महामार्गावर ताडपत्री न टाकता खडी नेणारे डंपर आणि वर्षानुवर्षे कुठे ना कुठे चालू असलेले रस्त्याचे काम यांच्यामुळे बॉनेटच्या पुढच्या कडेवर, बंपरवर आणि दोन्ही फेंडरच्या (पुढच्या चाकांवरच्या पत्र्यांच्या) टोकांवर रंगाचे टवके उडत गेले. सुरुवातीला बाटलीतल्या टच-अप रंगाने ठिपके भरून मी वेळ मारून नेली. पण गेल्या पावसाळ्यानंतर गाडी धुताना बॉनेटवरच्या काही टवक्यांभोवती तपकिरी कडा दिसू लागल्या. एकट्या बॉनेटवर त्रेचाळीस टवके मोजले आणि त्यांपैकी अकरांमध्ये गंज सुरू झालेला होता, तेव्हा रीतसर रंगकाम करून घेण्याचे ठरवले.

टवका किती खोल गेला आहे, यावर पुढचे सगळे काम अवलंबून असते. कारखान्यातून निघालेल्या गाडीवरचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते, मग सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवला जातो, त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाखालचे अस्तर, मग प्रत्यक्ष रंग आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट येतो. आपल्याला दिसणारा रंगाचा थर या सगळ्यांत बहुधा सर्वांत पातळ असतो. खडा प्रायमरपाशी थांबला तर गाडी फक्त कुरूप दिसते, पण तो गंजरोधक थर फोडून पत्र्याला भिडला की ओलावा त्या छिद्रातून रंगाच्या खाली आडवा पसरतो आणि वरून अक्षत दिसणारा रंगही हळूहळू फुगू लागतो. अशा गाडीवर वरून नुसता नवा रंग मारणे म्हणजे गंज झाकून ठेवणे होय.

मी तीन ठिकाणी चौकशी केली. एका गॅरेजमध्ये टवक्यांत लांबी (खड्डे बुजवण्याची पुटी) भरून, वरून फवारा मारून त्याच दिवशी संध्याकाळी गाडी देण्याची तयारी दाखवण्यात आली; गंजाचे काय करणार, या प्रश्नाला तिथे नीट उत्तर मिळाले नाही. एका अधिकृत सेवा केंद्रात विम्याचा दावा करा, असा आग्रह झाला. दाव्याच्या अर्जात अपघाताची तारीख आणि ठिकाण लिहावे लागते आणि माझे टवके सहा वर्षांत साठलेले होते, त्यामुळे एक खोटी तारीख लिहिणे मला मान्य नव्हते. हिशेबही त्याच बाजूचा होता. सलग पाच वर्षे दावा न केल्यामुळे मला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सवलत मिळते, ती या एका दाव्याने शून्यावर आली असती. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये सक्तीने स्वतः भरावे लागतात आणि शून्य घसाऱ्याचे कलम घेतलेले नसेल तर रंगकामातील सामानाच्या किमतीवर ५० टक्के घसारा कापला जातो. पदरचे पैसे खर्च करणेच मला योग्य वाटले.

तिसरी जागा म्हणजे कात्रज-कोंढवा रस्त्याच्या आतल्या बाजूची एक मध्यम आकाराची डेंटिंग-पेंटिंगची कार्यशाळा, आणि हे परीक्षण तिचे आहे. मालक पन्नाशीचे आहेत आणि त्यांनी स्वतः बराच काळ हातात रंग फवारण्याची गन धरलेली आहे. त्यांनी भाव सांगण्याआधी गाडी उन्हात उभी करायला लावली, बॉनेटवरून नखाने प्रत्येक टवका चाचपला, खडूने गंजलेले टवके वेगळे खुणावले आणि रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र लावून पाहिले. बॉनेटवर सगळीकडे १०५ ते ११५ मायक्रॉनच्या दरम्यान आकडे आले, म्हणजे तो भाग पूर्वी कधी रंगवलेला नव्हता. बंपर प्लास्टिकचा असल्यामुळे त्यावर हे यंत्र चालत नाही, हेही त्यांनी मी न विचारता सांगितले.

चंदेरी रंग जुळवणे अवघड असते, हे मी ऐकून होते. ते का, हे इथे समजले. या रंगात ॲल्युमिनियमचे बारीक चपटे कण असतात आणि ते पत्र्यावर कसे टेकतात, त्यावर रंग उजळ दिसेल की गडद, हे ठरते. फवारा ओला पडला तर कण रंगात बुडून वेडेवाकडे बसतात आणि पृष्ठभाग काळसर दिसतो, कोरडा पडला तर तोच रंग पांढुरका दिसतो. म्हणजे गाडीच्या पट्टीवरचा रंगाचा कोड बरोबर असला, डब्यातला रंग तंतोतंत असला, तरी हात बदलला की छटा बदलते. म्हणून त्यांनी त्या कोडच्या तीन उपछटा पत्र्याच्या छोट्या तुकड्यांवर मारल्या, त्यांवर क्लिअर कोट चढवला, ते वाळवले आणि मला बोलावून ते तुकडे फेंडरला टेकवून दाखवले. आत शेडमध्ये मला तिन्ही सारखेच वाटले. मालक म्हणाले, "ताई, उन्हात चला. ट्यूबलाइटखाली सगळेच रंग जुळतात." बाहेर समोरून पाहिल्यावर पहिला आणि दुसरा तुकडा जुळत होता, पण बाजूने वाकून पाहिल्यावर पहिला स्पष्ट निळसर दिसत होता. आम्ही दुसरा ठरवला. एवढ्या एका निवडीला त्यांनी पाऊण तास दिला.

त्यांचा दुसरा आग्रह असा होता की नवा रंग बॉनेटच्या कडेला तोडायचा नाही, तर दोन्ही फेंडरवर पुढून मागे विरळ करत न्यायचा आणि क्लिअर कोट मात्र पूर्ण फेंडरवर मारायचा. यामुळे माझा खर्च चार हजारांनी वाढला आणि तेव्हा मला तो अनावश्यक वाटला होता. आज गाडीकडे पाहताना बॉनेट आणि फेंडर यांच्यामधल्या फटीच्या दोन्ही बाजूंचा रंग एकसारखा दिसतो, तो या चार हजारांमुळे.

काम सुरू असताना मी दोनदा जाऊन आले आणि मला तसे करू दिले, याचे श्रेय कार्यशाळेला दिले पाहिजे. पहिल्या भेटीत बॉनेटवर रंग नव्हताच म्हटले तरी चालेल. गंजलेली प्रत्येक जागा उघड्या चकचकीत पत्र्यापर्यंत घासलेली होती आणि तिच्या कडा जाड घासकागदाकडून बारीक घासकागदाकडे जात इतक्या उतरत्या केल्या होत्या की डोळे मिटून हात फिरवला तर पायरी कुठे आहे ते कळत नव्हते. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, जिथे खड्डा उरला होता तिथेच थोडी लांबी, मग संपूर्ण बॉनेटवर हार्डनर (थर कडक करणारे द्रव्य) घातलेला प्रायमर, आणि त्यावर काळ्या पावडरीचा हलका हात मारून पुन्हा घासकाम. उंच जागेवरची पावडर आधी निघते आणि खोलगट जागेत ती काळी राहते, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा खड्डाही उघडा पडतो. एक मुलगा हे काम एकटा, अतिशय शांतपणे करत होता. मात्र त्याच्या तोंडाला नुसता रुमाल बांधलेला होता आणि ते पाहून मला फार वाईट वाटले. गन चालवणाऱ्या मिस्त्रींकडे फिल्टरचा मुखवटा होता. परंतु हार्डनरमधील आयसोसायनेट या रसायनामुळे कायमचा दमा जडू शकतो, त्यामुळे फवारणीसाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटाच हवा आणि घासणाऱ्यालाही किमान धुळीपासून संरक्षण देणारा चांगला मास्क हवा. मी हे मालकांना स्पष्टपणे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आणि दुसऱ्या भेटीत त्या मुलाच्या तोंडावर मास्क होता.

बंपर, फॉग लॅम्प, पुढचे बोधचिन्ह आणि नंबर प्लेट काढून ठेवलेली होती, त्यांच्याभोवती कागद चिकटवून काम भागवलेले नव्हते. बंपरला रंग लावण्याआधी प्लास्टिकवर रंग धरून ठेवणारा वेगळा पारदर्शक थर दिला गेला. तो न दिल्यास काही महिन्यांत बंपरचे पोपडे निघतात, आणि स्वस्तात रंगवलेल्या गाड्यांचे बंपर पार्किंगमध्ये पाहिले की हे लक्षात येते. रंगाचे तीन हात झाले आणि त्यांपैकी शेवटचा दुरून मारलेला हलका फवारा होता, ज्यामुळे चंदेरी कण एकसारखे पसरतात. त्यानंतर क्लिअर कोटचे दोन हात देऊन बूथमध्ये, म्हणजे रंग वाळवण्याच्या बंद गरम खोलीत, पत्र्याचे तापमान ६० अंशांवर अर्धा तास ठेवण्यात आले. पत्र्याचे तापमान म्हणण्याचे कारण असे की बूथमधली हवा आधी तापते आणि पत्रा बराच मागाहून तापतो. घाई करणाऱ्या ठिकाणी हवेचा आकडा पाहूनच वेळ मोजायला सुरुवात होते.

आता तक्रारी. शुक्रवारी मिळायची गाडी पुढच्या मंगळवारी मिळाली. परतीचा पाऊस सुरू झाला होता, हवेत दमटपणा होता, कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी येत होते आणि अशा हवेत क्लिअर कोट मारला तर तो दुधाळ होतो किंवा त्यात बारीक फोड येतात, म्हणून मिस्त्रींनी दोन दिवस गन हातात घेतली नाही. हा निर्णय योग्यच होता आणि मी स्वतः त्यांच्या जागी असते तर हेच केले असते. पण मला कोणी कळवले नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी कोंढव्यापर्यंत रिक्षाने गेले आणि गाडी तयार नाही, हे फाटकापाशी समजले. कारण सांगायला एक फोन पुरेसा होता.

वायपरच्या जवळ क्लिअर कोटमध्ये धुळीचा एक कण अडकलेला होता. तो दाखवल्यावर त्यांनी लगेच बारीक कागदाने घासून, पॉलिश करून काढला आणि आता ती जागा शोधूनही सापडत नाही. बॉनेट उघडल्यावर मात्र आतल्या कडेला नव्या रंगाची खरखरीत रेघ बोटाला लागते. तिथे मास्किंगची पट्टी थोडी आत दुमडून लावली असती तर ती राहिली नसती. बंपरची छटा भर दुपारी बॉनेटशी जुळते, पण संध्याकाळच्या तिरप्या उन्हात किंचित गडद दिसते. कारखान्यातून आलेल्या गाड्यांमध्येही प्लास्टिक आणि पत्रा यांच्यात असा फरक दिसतो, हे खरे आहे, तरी माझ्या गाडीत तो आधी इतका नव्हता. रंगाचा पृष्ठभाग मूळ रंगापेक्षा थोडा अधिक गुळगुळीत आहे. संत्र्याच्या सालीसारखा पोत कुठेही नाही आणि एकही ओघळ नाही.

बिल असे झाले: बॉनेट ५,२००, बंपर ४,०००, दोन फेंडरवरचे काम ४,०००, गंज आणि लांबीचे ८००, मिळून १४,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १६,५२० रुपये. आधी सांगितलेल्या अंदाजात एक रुपयाचाही फरक पडला नाही. रंग सुटणे किंवा फुगणे यांसाठी एक वर्षाची हमी बिलावरच लिहून दिली आहे, नव्या दगडांमुळे होणारे टवके त्यात अर्थातच येत नाहीत. गाडी घेताना बॉनेटची जाडी पुन्हा मोजून दाखवली, ती बहुतेक ठिकाणी १९० ते २२० मायक्रॉन होती आणि लांबी भरलेल्या दोन जागी ३०० च्या वर. लांबी दोनच जागी लागली, हे त्या आकड्यांवरून मला स्वतःला पडताळता आले.

पहिला महिना मेण किंवा कोणतेही चकाकीचे द्रव्य लावायचे नाही, ही सूचना त्यांनी दोनदा दिली, कारण भट्टीत वाळलेल्या रंगातूनही पुढचे काही आठवडे उरलेले द्रावक बाहेर पडत असते. बॉनेटवर पारदर्शक संरक्षक फिल्म लावून घ्यावी का, असेही मी विचारले. पॉलियुरेथेनची ही फिल्म साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीची असते आणि खडीचा मार ती खरोखर सोसते. मालकांच्या ओळखीचे फिल्मचे दुकान शेजारीच असूनही त्यांनी मला निदान दीड महिना थांबायला सांगितले. नव्या रंगावर फिल्म लगेच चढवली तर द्रावक खाली कोंडतात आणि पुढे फिल्म काढताना रंगही सोबत निघण्याची भीती असते.

या गोष्टीला आता चार महिने झाले आहेत आणि त्या काळात गाडी कराडला पंधरा वेळा जाऊन आली. खंबाटकी घाटाच्या अलीकडे एका उघड्या डंपरमधून उडालेल्या खडीने बॉनेटवर एक नवा टवका पाडला आहे. भिंगातून पाहिले तर तो राखाडी प्रायमरपाशी थांबलेला दिसतो आणि त्याच्या कडा सुटलेल्या नाहीत. कार्यशाळेने उरलेला जुळवलेला रंग एका छोट्या बाटलीत, कोड आणि उपछटा लिहून मला दिला होता. त्याच संध्याकाळी मी तो टवका स्पिरिटने पुसला आणि काडीच्या टोकाने भरून घेतला.