ग्रहमालांचा प्रकल्प: केप्लरची निरीक्षणे घ्यावीत की टेसची?

साताऱ्यात किंवा सांगलीत पदव्युत्तर भौतिकशास्त्र शिकणाऱ्या आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहमाला हा विषय घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला सर्वांत आधी निरीक्षणांचा संग्रह निवडावा लागतो. नासाच्या केप्लर आणि टेस या दोन्ही अवकाश दुर्बिणींनी अधिक्रमणाची पद्धत वापरली, म्हणजे ताऱ्यासमोरून ग्रह जाताना ताऱ्याच्या तेजात पडणारी घट नोंदवली. दोघींचीही निरीक्षणे विनामूल्य उपलब्ध आहेत आणि साध्या लॅपटॉपवर हाताळता येतात. त्यामुळे निवड करताना पैशांचा किंवा परवानगीचा विचार करावा लागत नाही. तुमचा प्रश्न कोणता आहे, यावरच ती ठरते.

मार्च २००९ मध्ये प्रक्षेपित झालेल्या केप्लरने हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांमधील सुमारे ११५ चौरस अंशांचा एकच पट्टा मे २०१३ पर्यंत न्याहाळला आणि दीड लाखांहून अधिक ताऱ्यांचे तेज दर २९.४ मिनिटांनी नोंदवले. एप्रिल २०१८ मध्ये गेलेल्या टेसचे चार कॅमेरे मिळून २४ अंश रुंद आणि ९६ अंश लांब असा आकाशाचा विभाग सुमारे २७ दिवस पाहतात आणि मग पुढच्या विभागाकडे वळतात. एकाच शेताच्या बांधावर चार हंगाम बसून राहणे आणि महिन्याला एक गाव करीत सारा जिल्हा पालथा घालणे, असा हा फरक आहे. क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातील वार्षिक मार्गाच्या, ध्रुवांजवळ टेसचे विभाग एकमेकांवर येतात आणि तेथील तारे जवळजवळ वर्षभर सलग दिसतात. परंतु तो आकाशाचा लहानसा भाग आहे.

अनेक ग्रहांच्या मालेचा अभ्यास करताना सलग कालावधीला एवढे महत्त्व का, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. शेजारच्या ग्रहांचे गुरुत्वाकर्षण एकमेकांना ओढत असल्याने अधिक्रमणे घड्याळासारखी नेमक्या वेळी होत नाहीत. ती थोडी लवकर किंवा थोडी उशिरा होतात आणि या मागेपुढे होण्यावरून ग्रहांची वस्तुमाने काढता येतात. २०१० मध्ये जाहीर झालेल्या केप्लर-९ च्या मालेत सुमारे १९ आणि ३९ दिवसांच्या कक्षांमधील दोन ग्रहांचे आवर्तकाल (एका फेरीला लागणारा वेळ) दर फेरीला सरासरी ४ आणि ३९ मिनिटांनी बदलत असल्याचे आढळले, आणि या परिणामाचा तो पहिला ठसठशीत पुरावा ठरला. केप्लर-१८ च्या बाहेरच्या दोन ग्रहांचे आवर्तकाल ७.६४ आणि १४.८६ दिवस आहेत, म्हणजे त्यांचे गुणोत्तर दोनास एक या प्रमाणाच्या किंचित अलीकडे पडते. अशा जोडीतील वेळांचे हेलकावे किती दिवसांनी पुन्हा तसेच येतील, हे दोन भागिले बाहेरचा आवर्तकाल आणि एक भागिले आतला आवर्तकाल यांच्या फरकाचा व्यस्त घेतला की कळते; येथे ते उत्तर सुमारे २६८ दिवस येते. केप्लरच्या चार वर्षांत हे चक्र पाच वेळा पूर्ण होते. टेसच्या एका विभागात त्याचा जेमतेम दहावा हिस्सा सापडतो आणि बाहेरच्या ग्रहाची अधिक्रमणे मिळतात ती एक किंवा दोन. दोन बिंदूंमधून हेलकावा काढता येत नाही, हे गणिताच्या कोणत्याही विद्यार्थ्याला सांगावे लागणार नाही.

कक्षांची मांडणी हा विषय असेल तरीही पारडे केप्लरकडेच झुकते. केप्लर-११ चे सहा ग्रह, त्यांपैकी पाच आपल्या बुधाच्या कक्षेपेक्षाही आत. केप्लर-९० चे आठ. आणि आठास सहास चारास तीन अशा प्रमाणात फिरणारे केप्लर-२२३ चे चार ग्रह, ही सारी माहिती दीर्घ आणि जवळजवळ अखंड निरीक्षणांतून आली. केप्लर-९० चा आठवा ग्रह तर ख्रिस्तोफर शॅल्यू आणि अँड्र्यू व्हँडरबर्ग यांनी २०१७ मध्ये, दुर्बिणीने तो पट्टा सोडल्यानंतर चार वर्षांनी, जुन्याच नोंदींवर न्यूरल नेटवर्क चालवून शोधला. संग्रह जुना झाला म्हणून त्यात काही उरले नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

फसव्या संकेतांच्या बाबतीतही फरक आहे. केप्लरचा एक पिक्सेल आकाशातील सुमारे ४ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), तर टेसचा २१ विकलांचा. त्यामुळे टेसच्या एकाच पिक्सेलमध्ये अनेक ताऱ्यांचा प्रकाश मिसळतो आणि शेजारच्या ग्रहणकारी जोडताऱ्याची (एकमेकांना झाकणाऱ्या दोन ताऱ्यांची) घट भलत्याच ताऱ्याच्या नावावर जमा होऊ शकते. मात्र एकाच ताऱ्याभोवती दोन-तीन वेगवेगळे संकेत दिसत असतील, तर ते सगळेच फसवे असण्याची शक्यता फार कमी असते. याच तर्काच्या आधारे फेब्रुवारी २०१४ मध्ये केप्लरच्या ३०५ ताऱ्यांभोवतीचे ७१५ ग्रह एकदमच ग्राह्य ठरवण्यात आले.

मग टेस कशासाठी घ्यावी? तिचे तारे जवळचे आणि तेजस्वी आहेत, यासाठी. केप्लर-११ आपल्यापासून सुमारे २००० प्रकाशवर्षांवर आणि चौदाव्या प्रतीच्या आसपासचा (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक) असल्याने त्याच्या वर्णपटावरून ग्रहांची वस्तुमाने मोजणे दुरापास्त आहे. २०२३ मध्ये सहा ग्रहांची माला जाहीर झालेला एच. डी. ११००६७ हा तारा मात्र सुमारे १०० प्रकाशवर्षांवर आणि साधारण ८.४ प्रतीचा आहे. पण या मालेची कथा टेसची मर्यादाही सांगते. २०२० आणि २०२२ मधील टेसच्या निरीक्षणांत दोन वर्षांची फट होती, आवर्तकाल त्यांतून पुरते उलगडत नव्हते, आणि युरोपच्या ३० सेंटिमीटर व्यासाच्या किऑप्स दुर्बिणीची मदत तसेच शेजारी कक्षांमधील तीनास दोन आणि चारास तीन या प्रमाणांचा आधार घेतल्यावरच कोडे सुटले. वातावरणाचा अभ्यास किंवा वस्तुमानांचे मोजमाप पुढे करायचे असेल, तर विषय टेसच्या ताऱ्यांमधूनच निवडावा.

स्वतः निरीक्षण करण्याच्या मोहाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. महाविद्यालयाकडे आठ-दहा इंची दुर्बीण आणि चांगला शीत कॅमेरा असेल, तर कासच्या पठारावरून हिवाळ्यात गुरूसारख्या मोठ्या ग्रहाची एक टक्क्याची घट पकडता येईल, एच. डी. ११००६७ च्या सर्वांत मोठ्या ग्रहाची घट मात्र केवळ ०.१ टक्क्याच्या आसपास आहे आणि आपल्या वातावरणाच्या थरथरीत ती हरवते. केप्लरचा पट्टा तर जुलै-ऑगस्टच्या रात्री साताऱ्याच्या आकाशात सर्वांत उंच असतो, आणि त्या वेळी आपल्याकडे काय दिसते, हे वेगळे सांगायला नको.

कामाच्या कष्टांत फार मोठी तफावत नाही. केप्लरचे यान दर तीन महिन्यांनी ९० अंशांत वळत असे, त्यामुळे तारा वेगळ्या संवेदकावर पडे आणि प्रकाशवक्राची, म्हणजे तेजाच्या काळानुसार काढलेल्या आलेखाची, पातळी एकदम उडी घेई. प्रत्येक तिमाही आधी स्वतंत्रपणे समपातळीवर आणूनच पुढची जोडावी लागते. टेसच्या नोंदींत पृथ्वी-चंद्राचा विखुरलेला प्रकाश त्रास देतो. केप्लरच्या चार वर्षांत एका ताऱ्याच्या साठ-सत्तर हजार नोंदी मिळतात, तर दोन मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या टेसच्या एका विभागात वीस हजारांच्या आसपास. दोन्हींसाठी पायथनमधील लाइटकर्व्ह हे साधन पुरते. केप्लरचा रोख स्थिर ठेवणारी दोन चाके बिघडल्यानंतरची, सुमारे ८० दिवसांच्या मोहिमांची के-२ निरीक्षणे नवशिक्याने टाळावीत. यानाच्या सरकण्याची दुरुस्ती करण्यातच सत्र संपेल.

माझ्या मते एका सत्राच्या प्रकल्पासाठी केप्लर घ्यावी, आणि दोन वर्षांच्या प्रबंधात वर्णपटीय निरीक्षणांची सोय असलेला मार्गदर्शक लाभत असेल तरच टेसकडे वळावे. सुरुवात केप्लर-१८ पासूनच करावी: प्रत्येक अधिक्रमणाचा मध्यक्षण काढावा, त्यातून समान आवर्तकालाच्या रेषेवरची अपेक्षित वेळ वजा करावी आणि उरलेल्या मिनिटांच्या आलेखात ते २६८ दिवस दिसतात का, हे आधी तपासावे. बाहेरचे दोन ग्रह विरुद्ध दिशांना हेलकावे घेताना दिसले, म्हणजे एक उशिरा येत असताना दुसरा लवकर येत असेल, तर तुम्ही काढलेल्या वेळांवर भरवसा ठेवता येईल.