तोंड एक, चाल निराळी: फायरवायर, यूएसबी आणि थंडरबोल्ट

मालवण परिसरात लग्ने, जत्रा आणि दशावतारी नाटके यांचे चित्रीकरण हा माझा व्यवसाय आहे. कॅमेरा, डिस्क आणि कार्ड रीडर संगणकाला जोडण्याच्या इतक्या पद्धती या व्यवसायाच्या काळात येऊन गेल्या की, टेबलाच्या खालच्या खणात केबलींचे भले मोठे भेंडोळे साठले आहे. गेल्या पावसाळ्यात कामे थंडावली, तेव्हा जुन्या मिनीडीव्ही टेपा (डिजिटल कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेट) संगणकावर उतरवण्याच्या निमित्ताने ते भेंडोळे सोडवले आणि फायरवायर, यूएसबी व थंडरबोल्ट या तिन्हींच्या केबली शेजारीशेजारी ठेवून पुन्हा वापरून पाहिल्या. हा अभिप्राय त्या वापरावर आधारलेला आहे.

सुरुवात फायरवायरपासून करतो, कारण टेपांचे काम त्याच्याखेरीज होतच नाही. दशावतारी नाटक देवळासमोर रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटे दहीकाल्याने संपते, त्यामुळे एका प्रयोगाला 60 मिनिटांच्या चार-पाच टेपा सहज लागत. एका तासाच्या डीव्ही चित्रीकरणाला डिस्कवर सुमारे 13 गिगाबाइट जागा लागते आणि ते टेप चालेल त्याच गतीने उतरवावे लागते. म्हणजे वेग सेकंदाला जेमतेम साडेतीन मेगाबाइटचा, पण प्रवाह तासभर क्षणभरही तुटता कामा नये. अ‍ॅपलच्या पुढाकाराने तयार झालेले आणि 1995 मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेकडून 1394 या क्रमांकाने मान्य झालेले हे मानक नेमके अशा अखंड प्रवाहासाठी घडवलेले होते. त्यात चित्रासाठी मार्गाचा ठरावीक हिस्सा राखून ठेवता येतो आणि प्रोसेसरवर फारसा भार न टाकता माहिती थेट संगणकाच्या मेमरीत उतरते. त्याच केबलमधून कॅमेऱ्याची टेप मागे-पुढेही करता येते. माझ्या कॅमेऱ्याला यूएसबीचे पोर्टही आहे, परंतु त्यातून स्थिरचित्रे आणि वेबकॅमच्या दर्जाचे चित्र यांपलीकडे काही मिळत नाही.

फायरवायरचे दोषही सांगितले पाहिजेत. कॅमेऱ्याकडची चार पिनांची खाच, जिला सोनी कंपनी आय-लिंक म्हणत असे, इतकी नाजूक असते की केबलला जरा हिसका बसला तरी ती सैल होते. संगणकाकडच्या सहा पिनांच्या पोर्टमधून 30 व्होल्टपर्यंत वीज येऊ शकते. झिजलेल्या पोर्टमध्ये प्लग जोर लावून उलटा बसवला, तर ती वीज माहितीच्या तारांत शिरून कॅमेऱ्याचे पोर्ट जळते. टेबलाखाली वाकून, अंदाजाने चाचपडत केबल लावण्याची सवय असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मग हे मानक मागे का पडले? यूएसबी 2.0 चा कागदावरचा वेग सेकंदाला 480 मेगाबिट (आठ बिट म्हणजे एक बाइट) आणि पहिल्या फायरवायरचा 400 मेगाबिट, एवढे पाहून अनेकांनी निष्कर्ष काढला. प्रत्यक्षात यूएसबीमध्ये प्रत्येक उपकरणाला संगणकाने विचारल्याशिवाय बोलता येत नाही आणि त्या विचारपुशीत बराच वेळ जातो, म्हणून मोठ्या फाइली फायरवायरवरून बहुधा लवकर उतरत. खरे कारण पैशाचे होते. फायरवायरसाठी अ‍ॅपलने सुरुवातीला प्रत्येक पोर्टमागे 1 डॉलर मागितला आणि नंतर तो दर प्रत्येक उत्पादनामागे 25 सेंटवर आणला. यूएसबीला पोर्टमागे असे शुल्क नव्हते, आणि कीबोर्ड, माउस, प्रिंटर अशी रोजच्या वापरातील सगळी साधने त्यावर चालत होती. 1996 मध्ये आलेल्या या मानकामागे इंटेलमधील अजय भट्ट यांचे काम होते, आणि ते मूळचे बडोद्याचे. चपटा प्लग पहिल्या खेपेला कधीच सरळ बसत नाही, या तक्रारीवर त्यांनी दिलेले उत्तरही खर्चाचेच होते: दोन्ही बाजूंनी बसणारा प्लग केला असता, तर तारा आणि खर्च दोन्ही वाढले असते.

2008 मधील यूएसबी 3.0 ने वेगाची तक्रार संपवली. 5 गिगाबिटचा वेग, पोर्टच्या आत ओळखण्यासाठी बहुधा निळे प्लास्टिक, आणि 500 मिलीअँपिअरऐवजी 900 मिलीअँपिअर वीज. यांपैकी विजेची गोष्ट आमच्याकडे वेगाहून महत्त्वाची ठरली, कारण यूएसबी 2.0 च्या काळात काही पोर्टेबल डिस्क चालवायला दोन प्लगांची केबल लावावी लागे, आणि स्वतंत्र अ‍ॅडॅप्टरवर चालणारी मोठी डिस्क घेतली, तर पावसात वीज जाताच अर्धवट कॉपी झालेल्या फाइली गळ्यात पडत. लॅपटॉपच्याच विजेवर चालणारी डिस्क असली की तो प्रश्न उरत नाही. बाहेरची डिस्क जोडण्याचे ईसाटा हे आणखी एक मानकही मधल्या काळात येऊन गेले. वेग चांगला होता, पण केबलमधून वीज मिळत नसल्याने माझ्या ते काही कामाचे नव्हते.

आता टाईप-सी, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. 2014 मध्ये आलेला हा 24 पिनांचा प्लग हाताळायला उत्तम आहे, दोन्ही बाजूंनी बसतो आणि अंधारातही लागतो. मात्र टाईप-सी हे केवळ आकाराचे नाव आहे, वेगाचे नव्हे, हे पाकिटावर कोणी ठळकपणे लिहीत नाही. त्याच आकाराच्या केबलमधून 480 मेगाबिट, 5, 10, 20, 40 किंवा 80 गिगाबिट यांपैकी काहीही मिळू शकते, आणि बाहेरून पाहून फरक कळत नाही. मी तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानातून जाडजूड, विणलेल्या वेष्टनाची, दिसायला दणकट केबल घेतली आणि एका लग्नाचे 200 गिगाबाइट चित्रीकरण बाहेरच्या एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) टाकायला लावले. दीड तास उलटला तरी काम चालूच होते, कारण ती चार्जिंगची केबल होती आणि तिच्यात फक्त यूएसबी 2.0 च्या तारा होत्या. एसएसडीसोबत आलेल्या आखूड केबलने तेच काम चार-पाच मिनिटांत झाले. दुकानदाराची त्यात फसवणूक होती असे मी म्हणणार नाही. त्यालाही फरक ठाऊक नव्हता.

या गोंधळाला मानक ठरवणारेच जबाबदार आहेत. यूएसबी 3.0 चे नाव पुढे 3.1 जेन 1 झाले आणि नंतर 3.2 जेन 1. वेग मात्र तोच 5 गिगाबिटचा राहिला. 2022 मध्ये त्यांनी ही नावे बाजूला ठेवून पाकिटावर आणि केबलवर थेट वेग व वॅट छापण्याचे धोरण स्वीकारले. म्हणून खरेदी करताना आकडा मोठा की लहान यापेक्षा तो छापलेला आहे की नाही, हे आधी पाहावे. विजेच्या बाबतीतही असेच आहे: साधी टाईप-सी केबल 60 वॅटपर्यंत चालते आणि त्यापुढे आत ओळख सांगणारी चिप असावी लागते. चिप नसलेल्या केबलने मोठा लॅपटॉप सावकाश चार्ज होतो आणि दोष आपण चार्जरला देतो.

थंडरबोल्टबद्दल थोडक्यात लिहितो. 2011 मध्ये इंटेल आणि अ‍ॅपलने ते बाजारात आणले, 2015 मधील तिसऱ्या आवृत्तीने टाईप-सीचा आकार व 40 गिगाबिटचा वेग घेतला, आणि पुढे यूएसबी4 त्याच्याच पायावर उभे राहिले. एका केबलवर दोन मॉनिटर, डिस्क आणि चार्जिंग हे सगळे खरोखर चालते. परंतु केबलची किंमत साध्या केबलच्या कित्येक पट आहे, आणि एका गावातल्या स्टुडिओला त्या वेगाची गरज वर्षातून चार वेळाही पडत नाही. मॅकवर थंडरबोल्टमधून फायरवायरचा कॅमेरा जोडायचा, तर तीन तुकड्यांची साखळी करावी लागते, आणि 2025 मधील मॅकओएस ताहो या मॅकच्या कार्यप्रणालीने फायरवायरचा आधारच काढून टाकल्याने नव्या मॅकवर तोही मार्ग उरलेला नाही.

किनाऱ्यावरील वाचकांसाठी आणखी एक कसोटी आहे, ती खाऱ्या हवेची. टाईप-सीच्या पिना बारीक आणि दाटीने असल्यामुळे त्यांच्यावर थोडी हिरवट पूड धरली तरी जोडणी मध्येच तुटते, याउलट जुन्या प्रिंटरचा चौकोनी प्लग वर्षानुवर्षे कुरकुरत नाही. सोनेरी मुलाम्याच्या पिना असलेली केबल थोडी महाग पडली तरी मी तीच घेतो, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवतो आणि महिन्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो.

रोजच्या कामासाठी सध्या टेबलावर 10 गिगाबिट छापलेल्या, एक मीटरपेक्षा कमी लांबीच्या दोन केबली आहेत आणि चार्जिंगच्या केबलीला मी लाल चिकटपट्टी लावली आहे. फायरवायरचे कार्ड बसवलेला जुना डेस्कटॉप टेबलाखालीच आहे. दशावताराच्या साठ-सत्तर टेपा अजून उतरवायच्या आहेत, तोवर तो भंगारात जाणार नाही.