जेल ठेवल्यानंतरचे बारा तास: प्रसूतिगृहातल्या ‘सोबती’ची पारख

प्रसूतिगृहाच्या माहितीपत्रकात हल्ली एक ओळ हमखास दिसते: ‘प्रसूतीच्या वेळी पतीला सोबत थांबण्याची मुभा’. आपसूक कळा सुरू होऊन आलेल्या बाईचं या ओळीवर भागतं. औषध देऊन कळा आणायच्या असतील तर मात्र आधी विचारायला हवं की ‘प्रसूतीच्या वेळी’ म्हणजे नक्की कधीपासून. पहिलटकरणीच्या गर्भपिशवीचं तोंड घट्ट मिटलेलं असेल, तर ते मऊ करायला आतून ठेवतात त्या औषधी जेलच्या पहिल्या डोसपासून बाळ हातात येईपर्यंत २४ तास सहज जातात, कधी त्याहून जास्त. नवरा शेवटचा तासभर आत आला आणि आधीचे वीस तास ती वॉर्डात एकटी घड्याळाकडे बघत पडली, तर सोय कागदावरच राहिली. म्हणून ही सेवा सुरुवातीच्या तासांवर पारखावी.

भरती झाल्यावर आधी पोटाला दोन पट्टे बांधून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात. त्याला साधारण २० मिनिटं ते अर्धा तास लागतो. मग डॉक्टर आतून तपासतात. तोंड किती मऊ, किती उघडलेलं, किती आखूड, बाळाचं डोकं किती खाली, यावर गुण देतात. त्याला ‘बिशप स्कोअर’ म्हणतात. तो ६ किंवा कमी असेल तर आधी तोंड मऊ करायचं, कळांचं इंजेक्शन नंतर. डायनोप्रोस्टोनचं ०.५ मिलिग्रॅमचं जेल भरलेल्या सिरिंजमध्ये येतं, फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, आणि ते ठेवल्यावर अर्धा तास आडवं राहायला सांगतात. दुसरा डोस सहा तासांच्या आत देत नाहीत. काही ठिकाणी मिसोप्रोस्टॉलची २५ मायक्रोग्रॅमची गोळी दर दोन तासांनी गिळायला देतात. आधी सिझेरियन झालेलं असेल तर ही गोळी टाळतात. तिथे फोले कॅथेटर या बारीक नळीच्या टोकाचा फुगा पिशवीच्या तोंडाशी ३० ते ६० मिलिलिटर पाण्याने फुगवून ठेवता येतो. तोंड तीनेक सेंटिमीटर उघडलं की तो आपोआप सुटून बाहेर येतो. ही गोष्ट सोबतीला आधीच सांगितलेली नसेल, तर काहीतरी निसटलं म्हणून मध्यरात्री घबराट होते.

या टप्प्यात बाहेरून बघणाऱ्याला काहीच घडत नाही असं वाटतं. पोटात पाळीसारखं दुखतं, कंबर भरून येते, झोप लागत नाही, आणि कळा मात्र ‘खऱ्या’ नाहीत असं सिस्टर सांगतात. बाई खचते ती इथेच. जवळ माणूस हवं ते याच वेळी, आणि ते असेल तर काम पुष्कळ आहे. एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ लिहून ठेवावा आणि दहा मिनिटांत किती कळा येतात ते बघावं. दर दोन तासांनी तिला लघवीला न्यावं, कारण भरलेली लघवीची पिशवी बाळाच्या डोक्याला खाली येऊ देत नाही. आलेख चालू नसेल तेव्हा चालवावं, अर्ध्या-पाऊण तासाने कूस बदलायला लावावी. कळ आली की कमरेखालच्या सपाट त्रिकोणी हाडावर तळहाताचा मनगटाजवळचा भाग दाबून धरावा. बोटांनी चोळून फारसा उपयोग होत नाही, कातडी मात्र सोलवटते. गरम पाण्याची पिशवी पंच्यात गुंडाळूनच द्यावी. पेज, ताक, नारळपाणी घोट-घोट चालतं का ते डॉक्टरांना विचारून घ्यावं. पुढे सिझेरियनची शक्यता दिसली की खाणं बंद करतात. आणि कळ नसेल तेव्हा तिला झोपू द्यावं. सोबत म्हणजे सतत बोलत राहणं असा एक समज आहे, त्याने बाई वैतागते.

आता सेवेच्या प्रकारांकडे. सरकारी रुग्णालयांत केंद्र सरकारने २०१६ मध्ये सोबतीला परवानगी दिली. नियम असा: सोबतीण बाईच, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबायची तयारी असावी, तिने कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये आणि दुसऱ्या बाळंतिणीकडे जाऊ नये. आडोशाची नीट सोय असेल तिथे नवऱ्यालाही घेता येतं. डिसेंबर २०१७ पासूनच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने लेबर रूमच्या दर्जावर भर दिला, त्यात सोबत हाही मुद्दा आहे. प्रत्यक्षात टेबलांमध्ये पडदे आहेत की नाहीत, यावर सगळं ठरतं. पडदा नसेल तर आईलाही दाराशीच थांबवतात, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईचा विचार केला तर ते चूकही म्हणता येत नाही. जमेची बाजू अशी की आई किंवा मावशी बहुधा आधीपासून वॉर्डात खाटेपाशीच बसलेली असते, त्यामुळे जेलनंतरचे तास आपोआप सोबतीचे होतात. खर्चाचा प्रश्न नाही. ‘जननी शिशु सुरक्षा’मध्ये औषधं, तपासण्या, जेवण, रक्त, सिझेरियनही मोफत आहे. आमचे गुण: पाचपैकी तीन, पडदे असतील तर साडेतीन.

दहा-वीस खाटांचं गावातलं किंवा उपनगरातलं नर्सिंग होम हा दुसरा प्रकार, आणि आमच्या मते घरच्या माणसांसाठी सगळ्यात लवचीक. खोली स्वतंत्र असते, रात्री माणूस थांबू शकतं, मावशी ओळखीच्या होतात. उणीव वेगळीच आहे. कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनची सलाईन पंपावर न लावता थेंब मोजून सोडलेली असते. ५ युनिट औषध ५०० मिलिलिटर सलाईनमध्ये घालून मिनिटाला मोजक्या थेंबांनी सुरू करतात आणि दर अर्ध्या तासाने कळा बघून वाढवतात. कोपर वाकलं, बाई कुशीवर वळली, बाटली खालीवर झाली की थेंबांचा वेग बदलतो. त्यात नातेवाइकांपैकी कुणीतरी ‘लवकर होऊ दे’ म्हणून सलाईनच्या नळीवरचं चाक सैल करतं. या खोलीतली सगळ्यात धोक्याची चूक ती हीच. औषध जास्त गेलं तर दहा मिनिटांत पाचापेक्षा जास्त कळा येतात, दोन कळांमध्ये गर्भाशय सैल पडायला वेळ मिळत नाही आणि बाळाचा प्राणवायू कमी पडतो. चाकाला हात लावायचा नाही. वेग बदललेला दिसला तर सिस्टरना हाक मारायची. पंप असेल तर चार, नसेल तर तीन.

मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत कळा, प्रसूती आणि नंतरची विश्रांती एकाच खोलीत, असे स्यूट असतात. चेंडू, शॉवर, सोबतीसाठी सोफा, सततचा आलेख, एपिड्युरल (कळांच्या वेदना कमी करायला पाठीत सुईने देतात ते औषध). कागदावर पाचपैकी पाच. पण ही खोली कुठल्या क्षणापासून मिळते? अनेकदा तोंड चार-पाच सेंटिमीटर उघडल्यावरच तिथे हलवतात, आणि तोवर बाई साध्या वॉर्डात असते, जिथे भेटीची वेळ संध्याकाळची आणि पास एकच. पॅकेजमध्ये ‘२४ तास’ लिहिलेले असतील तर ते जेलपासून मोजतात की स्यूटमध्ये शिरल्यापासून, हेही विचारून घ्यावं. बिलावरची वादावादी बहुतेक इथूनच सुरू होते. (हा प्रश्न फक्त इथलाच नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी जोडप्यांनीही विचारावं, कारण तिथल्या काही वॉर्डांत कळा जोर धरेपर्यंत जोडीदाराला रात्री घरी पाठवतात.) पहिल्या जेलपासून खोली मिळाली तर साडेचार, नाहीतर अडीच.

कुठेही गेलात तरी सोबतीला बाहेर काढायचे काही क्षण असतात: आतून तपासणी, एपिड्युरलची सुई, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायची वेळ, आणि ऑपरेशन थिएटर. यातल्या कशात थांबता येईल ते आधी ठरवून घ्यावं. ठोके अचानक घसरले तर सलाईन बंद होते, तिला डाव्या कुशीवर वळवतात, कधी गर्भाशय सैल करण्याचं इंजेक्शन देतात, दोन-चार माणसं धावत येतात. तेव्हा सोबत्याने तिच्या डोक्याच्या बाजूला सरकावं आणि वाट मोकळी ठेवावी. प्रश्न दोन मिनिटांनी विचारता येतात. आलेखाचा आवाज बंद पडला की लगेच वाईट समजू नये. बहुतेक वेळा पट्टा सरकलेला असतो. बाळाचे ठोके साधारण ११० ते १६० असतात. यंत्रावर ८०-९० दिसले तर ती आईची नाडीही असू शकते. ते ओळखायचं काम मात्र सिस्टरचं, सोबत्याने बेल दाबायची. पाणी हिरवट गेलं, ताजं रक्त वाहिलं, कळ दोन मिनिटांत सुटली नाही, किंवा कळ नसतानाही पोट लाकडासारखं घट्ट राहिलं, तर फोन बाजूला टाकून लगेच हाक मारायची. थंडी वाजणं आणि उलटी हे मिसोप्रोस्टॉलनंतर होतं. सांगावं जरूर, पण त्याने गोंधळून जाऊ नये.

माणूस कोणतं, हाही सेवेचाच भाग धरावा. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे शेजारी आई आणि नवरा दुसऱ्या शहरात, ही आपल्याकडची नेहमीची मांडणी. कळा आणायच्या असतील तर भरतीची तारीख आधी कळते, म्हणून तोही रजा टाकून येऊ शकतो. फक्त १० तारखेला भरती म्हणजे १० लाच बाळ असं धरून ११ चं परतीचं तिकीट काढू नये. दोघं असतील तर पाळ्या लावाव्यात: रात्री एकाने खरंच झोपावं, घरी जाऊन. उपाशी आणि न झोपलेला सोबती एपिड्युरलची सुई बघून स्वतःच कोसळतो, मग सिस्टरना दोन रुग्ण सांभाळावे लागतात. नखं कापलेली, पायात धुतलेल्या रबरी चपला, लांब वायरचा चार्जर, स्वतःचा डबा. व्हिडिओ काढायला बहुतेक ठिकाणी मनाई असते आणि ती योग्यच आहे.

संमतीचा कागद भरतीच्या वेळीच वाचून घ्यावा. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची मागतात ती रीत म्हणून, पण ‘नवरा पोचला नाही म्हणून जेल थांबवलं’ अशी वेळ येऊ नये, यासाठी हे आधी बोलून ठेवावं. चौकशी सातव्या-आठव्या महिन्यात करावी, आणि दोनदा करावी. एकदा दिवसा रिसेप्शनवर, जिथे सगळ्याला ‘हो’ मिळतं. दुसऱ्यांदा रात्री नऊनंतर, वॉर्डातल्या सिस्टरना: जेल ठेवलेल्या बाईजवळ रात्री कोण थांबू शकतं, त्याला बसायला खुर्ची मिळते का, आणि लेबर रूममध्ये नेताना तो माणूस तिच्याबरोबर आत जातो की बाहेरच्या बाकावर बसतो?