यीस्टचा गोड केक: त्याच दिवशी भाजावा की पीठ रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावं?

सांगली-मिरजेकडे राहत असाल, तर या प्रश्नाचं उत्तर कॅलेंडर बघून द्यावं. डिसेंबरात दुपारी पीठ मळून रात्री जेवणानंतर केक कापता येतो आणि तो छानच होतो. तीच कृती एप्रिलमध्ये तशीच्या तशी केली, तर पीठ तासाभरात भांड्याबाहेर येतं, हाताला तेलकट लागतं आणि आंबूस वास मारतं. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. कुठली कधी घ्यायची, एवढंच आधी ठरवावं लागतं.

आधी साहित्य, कारण ते दोन्हीकडे जवळजवळ सारखंच आहे. मैदा ३०० ग्रॅम, साखर ६०, मऊ लोणी ७५, दोन अंडी, कोमट दूध साधारण १०० मिली, मीठ ४ ग्रॅम, वेलदोडा-जायफळ आणि मूठभर बेदाणे. इन्स्टंट यीस्ट त्याच दिवशी भाजायचं असेल तर ५ ग्रॅम, रात्रभर ठेवायचं असेल तर ३ ग्रॅम पुरे. ऑस्ट्रिया आणि फ्रान्सच्या अल्सास भागात अशाच पिठाचा, मध्ये नळी असलेल्या उभट साच्यातला ‘गुगलहुप्फ’ करतात. त्या नळीमुळे उष्णता केकच्या पोटात पोचते आणि मधला भाग कच्चा राहत नाही. तसा साचा नसेल तर सात इंची डबाही चालतो.

मळणं हे दोन्ही पद्धतींतलं खरं काम, आणि इथे घाई करू नये. लोणी सोडून बाकी सगळं एकत्र करून दहा मिनिटं मळा. पिठाला ताण आला की लोण्याचे छोटे तुकडे एकेक करून घाला. लोणी आधी घातलं तर ते मैद्याच्या कणांवर चढतं आणि पिठात ताणच येत नाही. लोणी घातल्यावर सगळं फाटल्यासारखं, चिकट दिसतं. तेव्हा वरून मैदा घालायचा मोह आवरा, कारण तोच पुढे केक कोरडा करतो. पाच-सहा मिनिटांत पीठ पुन्हा एकजीव होतं आणि पुरणपोळीच्या तिंबलेल्या कणकेसारखं लवचिक, तुकतुकीत दिसू लागतं. छोटा तुकडा बोटांवर ताणून बघा. न फाटता पलीकडचा उजेड दिसला की झालं.

आता त्याच दिवशी भाजण्याची बाजू. यीस्टला २५ ते ३० अंश मानवतात, आणि आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दुपारी स्वयंपाकघर तेवढंच असतं. पहिलं फुगणं दीड-दोन तास, साच्यात घातल्यावर पुन्हा तासभर. साखर आणि लोणी भरपूर असल्यामुळे हे पीठ साध्या पावापेक्षा सावकाशच फुगतं. साखर पाणी ओढून घेते आणि यीस्टच्या वाट्याला कमी येतं, म्हणून तासाभरात दुप्पट झालं नाही तर घाबरू नका. पिठात बोट रुतवून बघा. खड्डा लगेच भरून आला तर थांबा, हळूहळू अर्धा भरला तर भाजायला घ्या. नाताळाच्या सुमारास पाहुणे संध्याकाळी येणार असतील, तर मी हीच पद्धत सांगेन. सकाळी ठरवलं आणि रात्री झालं, हे तिचं मोठं सुख.

उन्हाळ्यात मात्र अडचण लोण्याची होते. ते ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं, आणि मे महिन्यातलं स्वयंपाकघर तेवढं सहज तापतं. लोणी पिठातून सुटतं, पीठ पसरतं, यीस्ट सुसाट सुटतं आणि चव यायच्या आत हवा भरून बसते. अशा वेळी फ्रीज ही सोय राहत नाही, गरज होते. दूधही कोमट न घेता फ्रीजमधलं घ्या. मळलेलं पीठ अर्धा तास बाहेर, मग झाकण लावून आठ ते बारा तास फ्रीजमध्ये. थंडीत यीस्ट मंद चालतं, पण थांबत नाही, आणि त्या सावकाश आंबण्यातून जो वास येतो तो दुपारच्या केकला येत नाही. लोणी घट्ट झाल्यामुळे सकाळी पीठ हाताळायलाही सोपं जातं. माझं मन इथेच झुकतं, थंडीतसुद्धा.

या पद्धतीचा तोटाही सांगायला हवा. थंड पिठाला साच्यात पुन्हा फुगायला दोन तास तरी लागतात, म्हणजे सकाळच्या चहाबरोबर केक हवा असेल तर पहाटेच उठावं लागेल. आणि फ्रीजमध्ये लसणाची चटणी उघडी असेल, तर लोण्याचं पीठ तिचा वास घेणारच.

यीस्टमध्ये नवख्याने इन्स्टंटच घ्यावं, ते थेट मैद्यात मिसळतं. ‘ॲक्टिव्ह ड्राय’ असेल तर थोडं जास्त घ्या आणि आधी कोमट दूध-साखरेत दहा मिनिटं ठेवा. फेस आला नाही तर ते टाकून द्या. बेकरीतून ओलं मिळालं तर इन्स्टंटच्या तिप्पट, पण ते लवकर खराब होतं. उघडलेलं पाकीट हवाबंद डबीत फ्रीझरला ठेवा.

अंडं नको असेल तर ५० ग्रॅम दही आणि थोडं जास्त दूध घालून केक होतो. मऊ होतो, पण दुसऱ्या दिवशी लवकर सुकतो, म्हणून तो त्याच दिवशी संपेल एवढाच करा. भाजायला ओटीजी (घरगुती विजेची छोटी भट्टी) १८० अंशांवर आधी तापवून ३० ते ३५ मिनिटं. वरचा भाग लवकर लाल झाला तर फॉइल झाका. कुकरमध्ये केक शिजतो, पण वरून रंग धरत नाही. रंग हवाच असेल तर ओटीजीला पर्याय नाही.

राहिले बेदाणे. तासगावचे बेदाणे घरात असतातच, आणि सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे, तेव्हा दुसरे कशाला शोधायचे? द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून ती डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, त्यामुळे बेदाणे कोमट पाण्याने नीट धुवा आणि तासभर भिजवा. कोरडे घातले तर ते पिठातलं पाणी ओढतात. भिजले की फडक्यावर पूर्ण टिपून, मळण्याच्या अगदी शेवटी घाला. वर राहिलेले दाणे मात्र पिठात दाबून घ्या, नाहीतर ते ओटीजीत करपून कडू लागतात.