हमालीसाठी कमरेचा पट्टा: कोणाला उपयोगी, कोणता घ्यावा

मेडिकलमध्ये एल. एस. बेल्ट मागितला की मिळतो तो काळा, इलॅस्टिकचा, पाठीत पट्ट्या शिवलेला पट्टा. मार्केट यार्डात पोती वाहणाऱ्याला तो एकाच प्रसंगी नीट उपयोगी पडतो: उसण भरल्यानंतर कामावर परततानाचे पहिले काही दिवस. पोट आवळलेलं राहतं, कंबरेत वाकू लागलं की पाठीतली पट्टी रुतते आणि माणूस गुडघ्यात वाकून बसतो.

दुखणं नसताना बांधला तर दुखापत टळते, याला पुरावा नाही. अमेरिकेच्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने 1994 मध्ये तसं स्पष्ट सांगितलं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या, तिथल्या दुकानांत माल हलवणाऱ्या कामगारांच्या मोठ्या पाहणीतही फरक आढळला नाही. पट्टा आहे या भरवशावर जास्तीचं ओझं घेतलं जातं, खरी भीती त्याची.

घ्यायचाच तर बेंबीवरून टेप लावून माप घ्या, पँटचा नंबर सांगू नका. उंची कमी असेल तर फार रुंद पट्टा नको, बसलं की तो बरगड्यांना टोचतो. दोन्ही बाजूंनी ओढायच्या जादा फिती असलेला घ्यावा, घट्टपणा कमी-जास्त करता येतो. सगळ्याच पट्ट्यांत एक खोट आहे: भुसारात तूस आणि हळदीची पूड वेल्क्रोच्या आकड्यांत भरते, मग ऐन ओझ्याखाली पट्टा सुटतो. जुन्या टूथब्रशने रोज वेल्क्रो घासा. धुताना पाठीतल्या पट्ट्या निघत असतील तर काढा, वेल्क्रो बंद करा, सावलीत वाळवा.

बांधायचा बनियनवरून, खालची कड कमरेच्या हाडांवर, आत दोन बोटं जातील इतपत. उचलताना श्वास कोंडू नका. खेप संपली की सैल करा. रक्तदाब किंवा हर्निया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पैसे एकदाच खर्चायचे असतील तर आमचं मत दोन चाकांच्या ट्रॉलीला. चाकं रबरी आणि मोठी हवीत, लहान चाक फरशीच्या खाचेत अडकतं आणि झटका कंबरेलाच बसतो. ट्रकच्या फाळक्यावरून पोतं पाठीवर घेताना मात्र ट्रॉली कामाची नाही. तिथे कंबर पिळायची नाही, पावलं वळवायची. पोतं आधी फाळक्याच्या कडेपर्यंत ओढून घ्यायचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो धरली होती. 100 किलोच्या पोत्याला कोणताच पट्टा पुरणार नाही, ते दोघांनी उचलायचं.

गुडघ्याखाली मुंग्या येत असतील, पाऊल उचलताना लोंबत असेल तर पट्टा आवळून काम रेटू नका, डॉक्टरांना दाखवा. लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी पुण्यातल्या ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात जा.