सुगम्य इमारती शिकवायला व्हर्च्युअल टूर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधीच सांगते, पैसे वसूल झाले, पण ज्या कामासाठी घेतलं होतं त्या कामात नाही.

मुंबईतल्या एका आर्किटेक्चर कॉलेजात मी तिसऱ्या वर्षाला शिकवते. विषय सुगम्य रचना, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येतील अशा इमारती; वर्गात चाळीस मुलं. जुलैच्या पावसात चाळीस जणांना साइट व्हिजिटला न्यायचं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. निम्मी कुर्ल्याला अडकतात आणि पोहोचलेल्यांना वॉचमन आत सोडत नाही. म्हणून गेल्या जूनमध्ये चहूबाजूंचं चित्र एकदम घेणारा सेकंडहँड ३६० अंशांचा कॅमेरा घेतला, ती चित्रं जोडून पडद्यावर इमारतीत फिरवणारी टूर बनवून देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेची वर्गणी भरली (डॉलरमध्ये, माझ्या कार्डावरून, कॉलेज अजून बिलं मागतंय) आणि मोबाइल आत ठेवून डोळ्यांना लावायचे चार हेडसेट आणले.

हेडसेटचं आताच उरकते. तीन वेळा वापरले. दोन मुलींना मळमळलं, एकाचा फोन तापून बंद पडला. सध्या कपाटात आहेत.

पहिला महिना तयार टूर दाखवल्या. बहुतेक परदेशी संग्रहालयं आणि विद्यापीठं. चकचकीत, रुंद, कोरडी. त्यातल्या अमेरिकी इमारतींची मापं इंचांत: दार किमान ३२ इंच मोकळं हवं, म्हणजे साधारण ८१५ मिलिमीटर. आपल्या २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत तेच ९०० आहे. मुलांनी परदेशी आकडे ड्रॉइंग शीटवर उतरवले आणि ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर, मीच तोंडघशी पडले. शिवाय त्या इमारतींना जोतंच नव्हतं. दारापर्यंत सपाट. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून आपण इमारत जमिनीपासून उचलतो, आणि मुंबईतला निम्मा प्रश्न तिथेच सुरू होतो.

मग स्वतःच चित्रण करायचं ठरवलं. उपनगरातली एक जुनी सोसायटी निवडली, चार मजली, लिफ्ट नंतर बसवलेली. फाटकापासून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटपर्यंत टूर तयार झाली. वर्गात सोडली आणि विचारलं, व्हीलचेअरवरून फ्लॅटपर्यंत जाता येईल का? सव्वीस जणांनी ‘हो’ लिहिलं. कारण? ‘रॅम्प आहे, लिफ्ट आहे.’

रॅम्प होता खरा, फाटकाजवळ. पण तो चढून गेल्यावर लिफ्टच्या लॉबीत शिरायला तीन पायऱ्या होत्या. चित्रात स्वच्छ दिसत होत्या, तरी या सव्वीस जणांच्या लक्षात आल्या नाहीत. कारण टूरमध्ये पुढे जायचं म्हणजे जमिनीवरच्या पांढऱ्या गोलावर क्लिक करायचं. एक गोल पायऱ्यांच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. क्लिक केलं की मुलं पायऱ्या ओलांडून लॉबीत. जे शिकवायचं होतं तेच हे साधन गिळून टाकत होतं. तयार टूरमध्येही हेच होत असणार, फक्त तिथे मी स्वतः पाहिलं नव्हतं.

त्या रात्री मी एक नियम केला: जिथे चाक जाणार नाही तिथला पुढचा गोल काढून टाकायचा. दुसऱ्या दिवशी टूर लॉबीच्या अलीकडे संपली. समोर लिफ्ट दिसते, जाता येत नाही. ‘मॅम, लिंक तुटलीय’ असे तीन मेसेज आले. मी उत्तर दिलं नाही. तासाभरात चौथा आला: ‘मॅम, पायऱ्या!’

तेव्हापासून आमचं काम उलटलं. टूर बघायची नाही, बनवायची. पाच-पाच जणांचा गट, एक इमारत, आणि प्रत्येक गोल ठेवायचा की काढायचा यावर वाद. हे वाद मी ठरवून लावले असते तरी इतके रंगले नसते. एका गटाने बँकेच्या दारातला गोल ठेवला, कारण ‘वॉचमन उचलतो’. दुसऱ्या गटाने काढला, कारण ‘वॉचमन जेवायला जातो’.

सोसायटीची लॉबी तर महिनाभर पुरली. तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर. १:१२ उतार (एक मीटर चढायला बारा मीटर लांबी) धरला तर ५.४ मीटर लांब रॅम्प, वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट जागा वेगळी. पायऱ्यांसमोर मोकळी जागा तीन मीटर, त्यातही स्कूटर. मग रॅम्प भिंतीलगत वळवायचा, की व्हीलचेअरसकट तेवढंच वर उचलणारी छोटी प्लॅटफॉर्म लिफ्ट, की लिफ्टचं दार मागच्या बाजूने उघडायचं? एका मुलीने नवा रॅम्प फाटकातल्या रॅम्पच्या उतारालाच जोडून पाहिला, पण खालचं टोक नेमकं पाणी तुंबतं तिथे आलं. चाळीस शीट आल्या. सुटला म्हणता येईल असा प्रश्न तिघांचाच.

आता या साधनाचा खरा दोष. उतार दिसत नाही. कॅमेरा वाकडा धरला तरी आतलं सॉफ्टवेअर क्षितिज सरळ करून देतं, त्यामुळे १:१२ चा रॅम्प आणि १:८ चा रॅम्प पडद्यावर जुळे भाऊ वाटतात. प्रत्यक्षात पहिल्यावर माणूस स्वतः चाक ढकलत चढू शकतो, दुसऱ्यावर बहुतेकांना मागून ढकलणारा लागतो. आम्ही गवंड्याकडची एक मीटरची, बुडबुड्याची लेव्हलपट्टी आणून चित्रात ठेवू लागलो: एक टोक उतारावर टेकवायचं, बुडबुडा मध्ये आणायचा, दुसऱ्या टोकाखाली स्केल उभी. ८३ मिलिमीटर आलं तर १:१२, १२५ आलं तर १:८. इतका खर्च करून शेवटी बुडबुडाच कामी आला.

सेवेत अंतर मोजायचं साधनही आहे. त्यावर भरवसा ठेवू नका. बाथरूमचं दार त्याने ९०० दाखवलं, कारण ते चौकटीतलं अंतर मोजतं. दार उघडं ठेवून टेप लावली तर फळी आणि कडी जाऊन ८४५ उरले. पडद्यावर पास, टेपवर नापास. उंबरठा १२ मिलिमीटरपेक्षा उंच नको असं तत्त्व आहे, आणि तेवढं तर त्या साधनाला दिसतच नाही.

उंचीची युक्ती मात्र जमली. प्रत्येक जागी दोन चित्रं: एक दीड मीटरवरून, एक ११५ सेंटिमीटरवरून, म्हणजे व्हीलचेअरमध्ये बसलेल्या माणसाच्या नजरेतून. दुसऱ्या चित्रात बँकेचा काउंटर नुसती भिंत होतो. पलीकडच्या माणसाचं कपाळ तेवढं दिसतं.

नोव्हेंबरमध्ये ओळखीतल्या एका ताईंना बोलावलं. त्या वीस वर्षं व्हीलचेअर वापरतात. मुलांना तासभर खुर्चीत बसवावं असं माझ्या मनात होतं. त्या म्हणाल्या, ‘तासाभरात चालवायला शिकणार नाहीत, भीती तेवढी घेऊन उठतील.’ त्याऐवजी टूर पडद्यावर लावली आणि त्या गोलागोलावर बोलत गेल्या. ‘इथे मी फोन करते, म्हणजे कोणी तरी खाली येईल.’ ‘इथे दार आतून बाहेर उघडतं, मला मागे जायला जागा नाही.’ ते रेकॉर्ड करून त्या-त्या गोलाला जोडलं. माझ्या मते अख्ख्या प्रयोगात सर्वांत मोलाचं हेच, आणि ते फोनवर रेकॉर्ड झालं, फुकट.

आवाजाचं एरवीही कोणी मनावर घेत नाही. रेल्वे स्थानकात ट्रायपॉड लावायच्या परवानगीच्या भानगडीत मी पडले नाही, पण फलाटावर दिव्यांगांचा डबा थांबतो त्या जागी वाजणारी बीप वर्गात ऐकवली. रोज लोकलने येणाऱ्यांपैकी अर्ध्यांना ती कशासाठी वाजते हे माहीत नव्हतं.

आणि एक तक्रार, मनापासून. वर्गातल्या एका विद्यार्थिनीला फार कमी दिसतं. ती स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरते. या सेवेच्या टूरमध्ये तो एक अक्षर बोलत नाही, कीबोर्डवरून गोलापर्यंत पोहोचता येत नाही, टूरमध्ये चिकटवलेल्या चिठ्ठ्यांची अक्षरं फिकट राखाडी. मेल केला तर ‘सूचनेबद्दल आभार’. सुगम्यता शिकवायला आणलेल्या वस्तूच्या दारातच पायरी. शेवटी प्रत्येक गटाने आपल्या टूरचं लेखी वर्णन करायचं ठरलं, आणि तिने ते तपासायचं. ‘मोठी लॉबी’ असं लिहिलं की ती विचारते, किती मोठी, खुर्ची वळेल का? आता मुलं दीड मीटरचं वर्तुळ मोजूनच येतात.

ज्युरीत एकाने विचारलं, हे सगळं बंधनकारक आहे की ऐच्छिक? योग्य प्रश्न. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाचं कलम ४४ सांगतं की सुगम्यतेच्या नियमांत न बसणाऱ्या नकाशाला बांधकाम परवानगी द्यायची नाही. पण कोणते नियम, यावर घोळ होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या अधिनियमाखाली केलेल्या नियमांतला नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यातली मानकं शिफारशीसारखीच उरत होती, आणि बंधनकारक नियम करायला केंद्राला तीन महिने दिले. मुलांना मी कलम ४४ पाठच करायला लावलंय. पुढे बिल्डरसमोर बसतील तेव्हा लागेल.

वर्गणी पुढच्या महिन्यात संपते. भरणार आहे, पण मोजमापाची सोय नसलेली स्वस्तातली. हेडसेट कोणाला हवे असतील तर घेऊन जा.

जाता जाता: त्या सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना टूर फार आवडली होती. फ्लॅट विकायला काढलेल्यांसाठी ग्रुपवर टाकली. परवा त्यांचा फोन आला. ‘मॅडम, गिऱ्हाईक लॉबीपाशीच अडकतंय. तेवढा पुढचा गोल टाका ना.’ मी त्यांना आमच्या तीन शीटचे फोटो पाठवले. सर्वसाधारण सभेत विषय घेतो म्हणालेत.